नवऱ्याच्या नावाची रिकामी घरं

बोरगावच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर कामाला लागलो, तेव्हा पांढुर्ण्यातले माझे मित्र माझ्याशी बोलेनासे झाले. यंत्र कामगाराच्या तोंडचा घास काढतं, असं पत्रक आम्ही मिळूनच वाटलं होतं. त्यातली सगळ्यात कडक वाक्यं माझी होती. वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. नोकरीचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोटासाठी करून राहिला तर कर. मले पटवून देऊ नको."

मी कारखान्याजवळ, सौसरला खोली घेतली. दिवसभर काचेच्या थंड खोलीत मी आणि मशीन. आत यायला चपला काढाव्या लागत, म्हणून कामगार दारातूनच परत जात. शनिवारी पांढुर्ण्याची बस जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्या भाविकांनी भरलेली असे. त्या गर्दीत कुणाचा धक्का लागला तरी बरं वाटायचं.

काम हजेरीचं होतं. आमचं मशीन युनिक्सचं. त्यातल्या फाइलीत एखादी ओळ आखूड, एखादी लांब, सगळं चालायचं. नागपूरच्या हेड ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरला, मेनफ्रेमला, मात्र प्रत्येक नोंद एकाच मापाची लागे: नाव इतक्या घरांत, मधलं नाव पुढच्या इतक्या घरांत. अक्षरांचे सांकेतिक आकडेही दोघांचे निराळे. महिनाअखेर मी ओळी मापात बसवायचो, अक्षरं बदलून टेपवर उतरवायचो आणि टेपचं रीळ बसनं नागपूरला पाठवायचो. तिथं पोचलेल्या हजेरीवरच रोजंदारीतलं कोण परमनंट होणार ते ठरे.

एकदा एक नोंद नाकारून परत आली. संत्री निवडणाऱ्या एका बाईची. तिच्या मधल्या नावाची घरं रिकामी होती. आमच्या फाइलीत ते खपलं होतं, तिकडे खपलं नाही. मी नागपूरला ट्रंक कॉल लावला.

"नवऱ्याचं नाव टाका न," तिकडचा प्रोग्रामर म्हणाला.

"तिनं दिलं नाही."

"मग टिंब टाका. मशीनला काय समजते?"

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. मधलं नाव नसेल तर तिची हजेरी धरणार नाहीत, ती परमनंट होणार नाही, हे सांगितलं.

"ज्यानं घरातून काढलं, त्याच्या नावानं परमनंट होऊ काय, भाऊ?"

"नाही तर टिंब टाकता येईल, बाई."

"टिंब? मी काय टिंबाची बायको हाओ?"

भोवतालच्या बाया हसल्या. तीही हसली. मग डबा बंद करत म्हणाली, "मायचं टाका. तिनंच पोसलं मले."

मी तिच्या आईचं नाव त्या घरांत बसवलं आणि दुरुस्त टेप पाठवली. संध्याकाळी खोलीवर बसून यावर एक पत्रक लिहिलं. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवलं. तिनं उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "पण वाटू नका. हे वाचून एखादा साहेब माह्या मायचं नाव कापंन. तुमचं पत्रक राहीन, माहं काम जाईन."

मी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

या वेळी नोंद परत आली नाही. काही दिवसांनी परमनंट झालेल्यांची नावं फळ्यावर लागली. कुणीतरी तिचं नाव मोठ्यानं वाचलं, मधे आईचं नाव. तिनं पदर सारखा केला आणि ती कामाकडे वळली. मी काचेआडून पाहत होतो.

त्या शनिवारी पांढुर्ण्याच्या स्टेशनजवळच्या टपरीवर मित्र बसले होते. एकानं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी ही गोष्ट सांगितली असती, तर त्यांनी सरकून मला बाकावर जागा दिली असती, आणि आठवडाभरात ती छापून बोरगावच्या साहेबांपर्यंत पोचवली असती. मी उभ्यानंच चहा घेतला आणि घरी गेलो.