शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या रेल्वे कॉलनीत कुणाचं लग्न निघालं की गाण्यासाठी आईला बोलावणं येतं. ती शाळेत गेलेली नाही, सही तेवढी करते. पण बुंदेली गाणी स्वतः रचते. इथल्या रीतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. आईही आपलं नाव घालते आणि तिथे आली की थोडी लाजते.

गेल्या वर्षी दतिया गेटजवळच्या एका स्टुडिओवाल्याने तिचं गाणं रेकॉर्ड केलं आणि सहीसाठी दोन पानी कागद पुढे केला. आईने तो माझ्याकडे दिला. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कागद इंग्रजीत होता. मला अर्धामुर्धा कळला, पण तसं सांगायची लाज वाटली.

"बिटिया पढ़ी-लिखी है, आंटीजी. कर दीजिए," तो म्हणाला.

"कर गं आई," मी म्हटलं. "तुझं नाव गाण्यातच आहे. ते कोण काढणार?"

गाणं मोबाइलवर आलं तेव्हा शेवटचं कडवंच नव्हतं. खाली लिहिलं होतं 'पारंपरिक', आणि हक्क स्टुडिओचे. मग शेजारच्या लग्नात आईने तेच गाणं म्हटलं, मी त्याचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी तो काढलेला. तक्रार स्टुडिओची!

मी तडक स्टुडिओत गेले, शेवटचं कडवं का कापलं म्हणून विचारलं.

"छोटा गाना चलता है," तो म्हणाला. "और लोकगीत तो सबका होता है."

"सबका है, तो मम्मी का वीडियो क्यों हटवाया?"

तो हसला. "कागज़ तो तुमने ही पढ़ा था, बिटिया."

ते हसू आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. माझं तोंड बंद करायला त्याने माझंच शिक्षण वापरलं. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, कागद मला कळला नव्हता हेसुद्धा.

"वाटलंच होतं," आई म्हणाली. "सारखी ओढणीने घाम पुसत होतीस."

"मग सही का केलीस?"

"चारचौघांत तुला कसं विचारणार, कळलं का म्हणून?"

मला त्याच्यापेक्षा माझा जास्त राग आला.

ते गाणं आई आता म्हणत नाही. परवा तिने नवीन रचलं. त्यात तिचं नाव प्रत्येक कडव्यात आहे. त्यामुळे चाल अडखळते, मी भीतभीत तसं म्हटलं.

"अडखळू दे," ती म्हणाली. "आता काढून दाखव म्हणावं त्याला."