दवाखाना चालू, छप्पर उघडं

काम संपलं की जुनी कौलं कोणीतरी घेऊन जातं, बांबूही परत जातात. किस्से मात्र ओव्हरसीअरच्याच गळ्यात पडतात! उल्हासनगरच्या कॅम्पात एका जुन्या लष्करी बराकीत निर्वासितांसाठी हॉस्पिटल होतं. तिथली कौलं उतरवून पत्रे घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या चार महिन्यांत मी निम्मा म्हातारा झालो.

पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "तीन आठवडे वॉर्ड बंद ठेवा, उरकून टाकतो."

ते चष्मा पुसत म्हणाले, "ठेवतो की! तेवढे दिवस कोणी आजारी पडायचं नाही, अशी दवंडी फक्त तुम्ही पिटा!"

*

मग काय, जिथलं छप्पर काढायचं तिथल्या खाटा रोज सकाळी दुसरीकडे. लीलारामकाका म्हणून एक थकलेले सिंधी पेशंट होते. पाचव्यांदा खाट उचलली तेव्हा म्हणाले, "साब, कराची से निकला, तब से हिल ही रहा हूँ. अब ये कोना तो पक्का लिख के दो!"

दुसऱ्या दिवशी तोच कोपरा उघडायचा होता.

*

डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावायचे आणि वर ठोकाठोक सुरू व्हायची. एकदा बाहेर येऊन ओरडले, "थांबवा ते! ह्याची छाती ऐकतोय की तुमची हातोडी, तेच कळत नाहीये!"

तेव्हापासून खिडकीतून लाल रुमाल दिसला की काम बंद. काही दिवस तर रुमालच जास्त आणि खिळे कमी!

*

चामटोली गावचा काळूराम आमचा सगळ्यात भरवशाचा गडी. एक दिवस तो छपरावर दिसेना. शोधतो तर वॉर्डातल्या खाटेवर, तोंडात थर्मामीटर!

"अहो सिस्टर, हा माझा माणूस!"

"असेल. एकशे तीन ताप आहे, आता माझा पेशंट!"

चार दिवस सोडला नाही.

*

बाळंतिणींच्या खोलीचं छप्पर उघडलं त्याच दुपारी एक बाई अडली. हलवायला वेळच नव्हता. दोन बांबूंना चादर बांधून सिस्टर ओरडल्या, "वरच्यांनो, पाठ फिरवा!"

बरा होऊन आलेला काळूराम आणि बाकीचे पाच जण वाशांवर पाठ करून बसले. दीड तास, डोक्यावर ऊन. हातोडी नाही, बिडी नाही, शब्द नाही. खाली ती बाई किंचाळत होती.

मग बाळ रडलं.

"सिस्टर, आता वलू का?" काळूरामने विचारलं.

"थांब! मुलगी झाली."

तसाच पाठमोरा तो म्हणाला, "नाव काय ठेवनार, इचारा ना."

चादरीमागून दमलेला आवाज आला, "पहले छत डालो भाई, नाम बाद में!"