विचारूबाय

आमच्या कोरगावात तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. होती ती सिस्टर, पण सगळे म्हणायचे ‘विचारूबाय’. कारण विचारल्याशिवाय ती माणसाला हात लावत नसे. नाडी बघायची असो, कूस बदलायची असो, नाहीतर नुसती चादर सारखी करायची असो, आधी दुखणेकऱ्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणायची, “हात लावू मां?” आणि मग उत्तराची वाट बघत बसायची. बसायची म्हणजे खरोखरच बसायची, खुर्ची ओढून!

ती आमच्याकडे आली आपांमुळे. आपा म्हणजे माझे वडील. आषाढात काजूच्या बागेतलं रान साफ करताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आणल्यावर आपा खाटेवरून उठायचं नावच काढीनात. डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “गणपतीच्या चवथीपर्यंत पायावर उभे राहिले तर राहिले. नाहीतर पडून पडून छातीत कफ धरेल आणि मग माझ्याही हातात फार काही उरणार नाही.” त्या दिवसापासून आईला जेवण जाईना. मुरगावला गोदीत कामाला असलेला माझा भाऊ रोज फोनवरून हुकूम सोडी, “उठवा त्यांना!” जसा काही गोदीतला माल, क्रेन लावली की वर!

विचारूबाय चोपड्याहून स्कूटरवर यायची, तीही उशिरा. वाटेत भेटेल त्याच्या गुडघ्याची, सुनेची, म्हशीची चौकशी करत यायची, मग काय होणार? पहिल्या दिवशी ती दारात येताच मी आपांची सगळी कथा लावली. काय खातात, कुठे दुखतं, कसे चिडतात. तिने शांतपणे ऐकलं आणि खाटेशी खुर्ची घेऊन आपांनाच विचारलं, “आपा, ही सांगता तां खरां?” आपा चमकले. पडल्यापासून आम्ही सगळे त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशीच बोलत होतो. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग तिने विचारलं, “कुशीर वळवू मां?”

“नाका,” आपांनी नकार दिला.

“बरां,” असं म्हणून बाई गप्प बसून राहिली.

माझं डोकंच फिरलं. मी तिला ओटीवर बोलावून म्हटलं, “अगं, पाठीला जखमा होतील त्यांच्या! तुला काय त्यांचं तोंड बघायला आणलंय?”

ती म्हणाली, “आज त्येंचो ‘नाका’ मोडलो, तर उद्या त्येंचो ‘होय’ मिळाचो नाय, बाये.” आणि परत जाऊन बसली. मी दाराआडून कान देऊन उभी. बऱ्याच वेळाने आपांचा आवाज आला, “तू खंयची गो?” मग चोपड्याची नदी निघाली, तिच्या नवऱ्याची होडी निघाली, यंदा बांगडा कसा महागलाय ते निघालं. आणि एकदम आपा म्हणाले, “वळव बाये. पाठ जळता.” दाराआड माझ्या डोळ्यांना धार लागली. मी तशीच आत जाऊन तिला चहा टाकला, साखर किती ते विचारून. तिला लागायचा साखरेचा पाक!

हल्ली याचे वर्ग निघालेत. माझी भाची नर्सिंग शिकते, तिला ‘सॉफ्ट स्किल्स’ असा विषयच आहे. पेशंटचं ऐकून घ्यावं, डोळ्यांत बघून बोलावं, असं ती घोकत असते. मी तिला म्हटलं, घोक बाई, चांगलंच आहे ते, पण यात मऊ काय आहे ते मला सांग. घरची माणसं डोळे वटारून उभी असताना ‘नाका’ ऐकून गप्प बसायचं, याला छाती लागते.

खरी अडचण मात्र पुढेच होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला की अख्खा गाव भेटायला येतो. येतो तो बिस्किटांचा पुडा घेऊन येतो आणि खाटेभोवती बसून त्याच दुखण्याने कोण कोण गेलं त्याच्या कथा सांगतो. “आमच्या व्हनीच्या बापसाचा असांच मोडलेला. मगे उठलोच नाय तो.” डिचोलीहून आलेल्या आत्याने तर आपांसमोरच डोळ्यांना पदर लावला. लोक गेले की आपा भिंतीकडे तोंड करून पडत आणि रात्री जेवत नसत. पण भेटायला आलेल्याला दारातून परत पाठवायचं कसं? तीन पिढ्या बोलणी खावी लागतील!

विचारूबायने कोणालाच परत पाठवलं नाही. ती पायरीवरच प्रत्येकाला गाठायची. “भेटूक इलास? बरां केलास. पण बिस्किटां हंयच ठेवा आणि आपांका विचारूक कायतरी घेवन जावा.” लोक गोंधळायचे. मग तीच सुचवायची. चवथ जवळ आलेली, आपांइतकी सुंदर माटोळी पंचक्रोशीत कोणी बांधत नसे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-पानं बांधायची, ही आपांची जन्माची हौस. झालं, लोक रानफळं घेऊनच यायला लागले. “आपा, ह्यां काय?” “मेल्या, कवंडळ नाय वळखूक तुका? आणि ह्यां माटोळीक घालतत? हिरवां आसा अजून!” फळ नीट दिसावं म्हणून आपांनी आधी मान उचलली. मग उशीला टेकून बसले. मग जनेलातून येणाऱ्या उजेडात धरायला हवं म्हणून पाय खाली सोडून बसायला लागले. दरवेळी ती विचारायची, “आधार देव मां?” आणि दरवेळी आपा थोडा कमी आधार घ्यायचे. व्यायाम करायचेही ते गप्पांच्या ओघात, तोंडाने लोकांना शिव्या घालत. त्या शिव्या ऐकून आईला जेवण जायला लागलं.

पण उभं राहायचं म्हटलं की “नाका”. रोज “नाका”. चवथ उद्यावर आली तरी “नाका”. आई देवासमोरून हलेना. विचारूबायच्याही हातातला चहा त्या दिवशी निवून गेला.

भाऊ मुरगावहून आला आणि माटोळी बांधायला चढला. खाटेवरून आपांचं मार्गदर्शन चालू. “न सोललेलो, आसोलो नारळ मधी घे! अरे, मधी म्हणजे मधी!” भावाने नारळाला गाठ मारली ती अशी, की नारळ घड्याळाच्या लंबकासारखा झुलायला लागला. आपा ओरडले, “गाढवा, गणपतीच्या टकलेर पडात तो!” आणि पाय खाली सोडून, इतके दिवस खाटेशी नुसताच ठेवलेला वॉकर पुढे ओढला.

मी धावले. विचारूबायने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. “आपा,” ती म्हणाली, “उबे रवतास?”

“नाय तर काय तू बांधतलंय?” आपा गरजले, आणि उठले. पाय थरथरत होते. एकेक पाऊल टाकत ते माटोळीखाली आले, भावाने चौकट खाली धरली, आपांनी वॉकरवरचा एक हात सोडला, मग दुसरा, आणि सालीच्या दोरीची गाठ करकचून आवळली. “आता ओढून बघ,” भावाला म्हणाले. भावाने ओढली. नारळ ढिम्म हलला नाही. विचारूबायने अशी टाळी पिटली की शेजारची कोंबडी फडफडली. “जिकलाव रे देवा!” म्हणून ती नाचायचीच बाकी राहिली, आणि आई तिच्या गळ्यात पडून रडायला लागली.

आता ती डिचोलीला एका आजींकडे असते. जाताना आईने तिला साडी नेसवली आणि आमच्याकडेच का राहत नाहीस म्हणून रागावलीसुद्धा. “आपांका आता माझी गरज काय?” असं म्हणून ती हसत स्कूटरवर बसली.

पण ती गेली चवथीनंतर. चवथीच्या आरतीला होती, टाळ वाजवत, सुरात मुळीच नाही. आपा वॉकर धरून उभे, मागे आई खुर्ची घेऊन तयार. आमच्याकडे आरत्या लांबतात, एक संपली की दुसरी. शेवटी मलाच राहवेना. मी आपांच्या कानाशी लागून म्हटलं, “आपा, पुरे, आता बसा.”

“तू दमलंय तर तू बस,” आपा म्हणाले, आणि पुढची आरती त्यांनी स्वतःच सुरू केली.