भाऊजींचं कमळाचं यंत्र

भाऊजींच्या हाती लागलेली वस्तू आपलं मूळ काम हमखास विसरायची. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूल गावच्या एका धानगिरणीत इंजिन सांभाळायचे. घरी त्यांची सायकल विहिरीचं पाणी ओढायची आणि ताईचं शिवणयंत्र सुपारी कातरायचं. ती ब्लाउज शिवायला बसली की म्हणायचे, "थांब वं, सुपारी व्हाची हाये अजून." पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ तर बोलता बोलता उघडलं जाई. परत मिळे, पण मग ते काळाच्या पुढेच धावे. तरी त्यांच्यावर कुणी रागावल्याचं मला आठवत नाही.

एका वर्षी ताईला मोठा ताप आला. ताप उतरला, उजव्या हातात कंप ठेवून गेला. जिची रांगोळी पाहायला आळी थांबायची, तिने रांगोळीचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

भाऊजींनी आढ्याला दोरांनी एक फळी टांगली, तिच्याखाली गिरणीतली जुनी वजनं बांधली, वर कागद डकवला आणि कागदाला टेकेल अशी शाईची एक नीब खांबाला बांधलेल्या बांबूच्या काडीत अडकवली. झोका दिला की फळी डोलत डोलत मंदावे आणि कागदावर वेढ्यात वेढे पडून कमळ उमटे.

"भाऊ, धान सोडून कागद भरडून राह्यले का आता?" गिरणीच्या मालकाने विचारलं.

"मशीनले बी हौस असते ना जी!"

ताईने मात्र कमळाकडे पाहून तोंड फिरवलं. "मशीननं काढलं ते. माह्यं काय हाये त्याच्यात?"

"मंग तू दे झोका."

"माहा हात हालते."

"हालू दे. फळीवरून बोट काढू नोको फक्त."

तिने झोका दिला, बोट तसंच टेकवून ठेवलं. भाऊजींची कमळं कवायतीतल्या शिपायांसारखी असत. हिच्या कमळाच्या पाकळ्यांना बारीक लहर आली, तळ्यावर वारा सुटावा तशी. ताई पाहत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "दुसरा कागद लावा."

पुढे दोघांनी मिळून सिनेमाच काढला. ताईने प्रत्येक झोका नव्या कागदावर द्यायचा, आधीच्यापेक्षा थोडा उशिरा थांबवायचा, सगळे कागद एकावर एक रचायचे आणि अंगठ्याने भर्रकन सोडायचे. कोऱ्या कागदावर कमळ थरथरत भरत जायचं. अंगणात बायाबापड्यांची गर्दी व्हायची आणि ताई डाव्या हाताने चहा वाटायची.

ताई वारल्यावर मी भाऊजींना भेटायला गेलो. ते ओसरीवर ती कागदांची चळत घेऊन बसले होते. त्यांनी अंगठा सोडला, कमळ भरलं. पुन्हा सोडला. मग माझ्याकडे न पाहताच समाधानाने म्हणाले,

"आज हात कमी हालून राह्यला तिचा. नाई?"