साडेसातचे आमदार

२०१४ च्या सुमाराची गोष्ट. परदेशात, सेरंगूनला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक जपानी बाई आणि तिचे वडील राहत. वडील ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी रेल्वेत कामगार, मग युनियन, मग समाजवादी पक्ष. तिकडे जपानात पाच वेळा, म्हणजे वीस वर्षं, ते आमदार होते. पक्ष फुटला आणि सहाव्यांदा पडले. हे मुलीने सांगितलेलं.

रोज सकाळी साडेसातला पांढरे हातमोजे घालून ते आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फाटकाशी उभे राहत. कामाला निघालेल्या प्रत्येकाला कमरेतून वाकून काहीतरी म्हणत.

“‘जाऊन या’ म्हणतात,” मुलगी म्हणाली. “आमच्या गावच्या स्टेशनाबाहेर असेच उभे राहायचे. तिकडे मतं अशीच मागतात. बरंच विसरलेत, एवढं राहिलंय.”

गाड्या थबकतात अशी तक्रार आली. फाटकाशी उभं राहायला मनाई करायचा ठराव कमिटीपुढे आला. मी कमिटीवर होतो. आदल्या संध्याकाळी मुलगी आमच्याकडे आली. “हे बंद झालं तर ते सकाळी उठायचेच नाहीत,” एवढंच म्हणाली.

आम्ही आठ जण. ज्याचा संबंध असेल त्याने मत देऊ नये, असा नियम होता. आमच्या घराची जादा किल्ली या शेजाऱ्यांकडे असे. मी तसं सांगितलं आणि मत दिलं नाही. ठराव चार विरुद्ध तीन असा मंजूर झाला. मी विरोधात मत दिलं असतं तर बरोबरी होऊन तो पडला असता.

“अहो, किल्लीचं तुम्हाला कुणी विचारलं होतं का?” बायको म्हणाली.

“नोबडी आस्क, लाह,” लेक फोनमधून मान वर न काढता इथल्या इंग्रजीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे बापलेक आमच्या दाराशी आले. वडील सूटमध्ये, हातमोजे नव्हते.

“किती मतांनी हरलो, विचारतायत,” मुलगी म्हणाली.

“एका.”

ते खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

“तुम्ही पाठिंबा दिलात, माझंच बळ कमी पडलं, म्हणतायत. हरल्यावर असं जाऊन सांगायचं असतं.”

मी खरं सांगितलं नाही. मीही वाकलो.

त्यानंतर सकाळी लिफ्टमध्ये मुलगी एकटीच भेटे.

“उठले?”

“नाही.”

सातव्या की आठव्या दिवसापासून मी विचारायचं सोडलं. फाटकाशी आता गाड्या थबकत नव्हत्या; पाया लेबारच्या ऑफिसात मी वेळेवर पोचत होतो.