एकाच कुड्याची फुलं

मंडळी, आज सकाळी उल्हासकाठच्या रानात कुड्याची फुलं तोडायला गेलो. शेजारचे सदूभाऊ आधीच झुडपापाशी होते.

"या. खालची मी घेतली, वरची तुमच्या नशिबात," ते हसले. "घरी भाजीला हवीत. उरतील ती महादेवाला."

वरच्या फुलांसाठी मी कुड्यामागच्या करवंदीच्या जाळीत शिरून, हात ओरबाडून घेऊन परडी भरली. देवळात गुरवाने सदूभाऊंची उरलेली फुलं पिंडीवर वाहिली आणि माझी परडी उंबऱ्याशी ठेवली. रोज असंच होतं. ते इथले मूळचे, मी घाटावरचा.

जप करतानाही मला सदूभाऊच दिसत होते. देवासमोर बसून तुम्हाला कुणाचा असा हेवा वाटतो का?

बरेच दिवस मनात होतं, ते आज केलं. उंबऱ्याशी ठेवलेली परडी उचलून पुन्हा गुरवाच्या हाती दिली आणि म्हटलं, "हीसुद्धा सदूभाऊंचीच." सगळी पिंडीवर गेली.