पफ पॅनलच्या घरातली पहिली झोप

माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर टेमघरच्या नाक्यावर कोणीही तुम्हाला ती मीठमसाला लावून सांगेल.

आमचा कापड विणणाऱ्या लूमचा छोटा कारखाना आहे आणि घर त्याला लागूनच. उन्हाळ्यात पत्र्याखाली नुसती भट्टी, वर कूलरचं बिल. एकदा दापोड्याच्या गोदामात पफ पॅनल पाहिले. दोन पत्र्यांच्या मध्ये जाड फोम. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत मस्त गारवा! तिथेच ठरवलं, घर बांधायचं तर असंच.

आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "डब्यान मानसा ऱ्हातात काय? मी न्हाय येनार." ते जुन्या घरातच राहिले. मी मात्र हट्टाने बांधलं.

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी बायको माहेरी गेली होती. मी दुपारी जेवलो, दारं-खिडक्या घट्ट लावल्या, पंखासुद्धा न लावता आडवा झालो. काय झोप लागली म्हणता!

जाग आली आणि ताडकन उठून बसलो. लूम बंद होते. सगळे.

तुम्ही म्हणाल, दार उघडून बघायचं ना. अहो, लूमवाल्याला लूम बंद पडलेले बघावे लागत नाहीत, ते झोपेतसुद्धा कळतं. आणि त्याच संध्याकाळी शेठजींचा माल जायचा होता. आमचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. माल चुकला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला, असं त्यांनी बजावलं होतं.

लाईट गेली असणार! वीज कंपनीला फोन लावला आणि जे तोंड सोडलं, ते विचारू नका. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या की टेमघरला लाईट आहे. बरं, लाईट आहे तर मग कारागीर कुठे गेले? आमचे मास्टर रफीकभाई, त्यांनी कालच गावी जायला सुट्टी मागितली होती आणि मी नाही म्हटलं होतं. त्यांना फोन केला. उचलेनात. परत केला. नाहीच. झालं! माझ्या डोळ्यांसमोर सगळे कारागीर बॅगा घेऊन कल्याण स्टेशनात उभे.

शेठजींना अंधारात ठेवणं बरं नाही, म्हणून त्यांनाही फोन केला. रडवेल्या आवाजात म्हटलं, "शेठ, आज माल होणार नाही. कारागीर काम सोडून पळाले."

"ठीक है," शेठजी म्हणाले, "मैं दूसरे को बोलता हूँ."

फोन कट. तेवढ्यात आबांनी बाहेरून दार उघडलं आणि अख्खा कारखाना घरात शिरला. खटखट, खटखट, खटखट.

"आबा, लूम कधी चालू झाले?"

"बंद कवा झालते?" आबांनी विचारलं.

पॅनल ऊन अडवतं तसा आवाजही अडवतं, हे मला असं कळलं. रफीकभाईंना त्या खटखटीत फोन ऐकूच गेला नव्हता.

आबा आत आले आणि ऊन येतं म्हणून दार लावून घेतलं. मी घाईघाईने शेठजींना पुन्हा फोन लावला. "शेठ, गैरसमज झाला. सगळे लूम चालू आहेत."

"चालू हैं? तो फिर आवाज कहाँ है?"

तसाच बनियन-लुंगीवर कारखान्यात पळालो आणि फोन लूमला लावून उभा राहिलो. रफीकभाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी शेठजींनी कान सोडवून घेतला. "बस, बस, सुन लिया. माल भेज दो."

ऑर्डर वाचली. हुश्श करत घरी आलो, तर दाराला आतून कडी. खिडकीच्या काचेतून बघितलं. गारव्यात आबा माझ्या गादीवर ढाराढूर झोपले होते.

हाका मारल्या, दार बडवलं, काच वाजवली. पण आत काही ऐकू जाईल असं घर मी बांधलंच नव्हतं.